व्हॉल्व्ह रेडिओचा गिटार अँप: पॉवर सेक्शन झाला, प्रीअँप सुरू

भंगारातून सेट उचलण्याआधी मागचं झाकण काढून व्हॉल्व्हची (आतल्या काचेच्या नळ्यांची) नावं वाचावीत. ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएबीसी८०, ईएल८४ (स्पीकर चालवणारा), ईझेड८० (एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर) अशी रांग असेल तर घ्या. यूएल८४, यूवाय८५ दिसले तर सेट जागेवरच ठेवा. त्यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी (धातूचा सांगाडा) थेट लाइनला जोडलेली असते. गिटारच्या तारांना फेज येईल.

माझ्या सेटमधले यादीतले पहिले तीन व्हॉल्व्ह काढले. त्यांचा फिलामेंटचा (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचा) करंट १.०५ अँपिअर, प्रीअँपसाठी म्हणजे गिटारचा सिग्नल वाढवायला घेतलेल्या नव्या ईसीसी८३ ला लागतो ०.३. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर ताण नाही. ईसीसी८३ ईएबीसी८० च्याच सॉकेटात बसतो, पण फिलामेंटची वायरिंग बदलावी लागते: ४ आणि ५ पिना एकत्र, दुसरं टोक ९ वर. जुनी जोडणी तशीच ठेवली तर व्हॉल्व्ह अर्धवट तापतो आणि आवाज मरतो.

ईएल८४ च्या ग्रिडचा (सिग्नल आत येतो त्या टोकाचा) मेणकागदी कपॅसिटर बघत बसू नका, बदलाच. तो लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं आणि प्लेट लालभडक होते. तिथे ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म टाकला. ईझेड८० नंतरचा पहिला इलेक्ट्रोलिटिक ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. ५० मायक्रोफॅरडच्या वर गेलात तर रेक्टिफायरचं आयुष्य कमी होतं. थ्री-पिन कॉर्ड, चासीला अर्थिंग, फेजमध्ये फ्यूज. पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये (कुठे शॉर्ट असेल तर करंट रोखायला), स्पीकर जोडलेला. हात घालण्याआधी १० किलो-ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टन्सने कपॅसिटर रिकामे करायचे, मग मीटरने खात्री.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर: प्रायमरीला १२ व्होल्ट एसी दिले, सेकंडरीला ०.३३ आले. गुणोत्तर ३६, वर्ग १२९६. म्हणजे ४ ओहमचा स्पीकर लावला की व्हॉल्व्हला साधारण ५.२ किलो-ओहमचा लोड दिसतो. ईएल८४ ला नेमकं हेच हवं. ८ ओहमचा स्पीकर लावला तर लोड दुप्पट होऊन पॉवर घटते.

आत्ताची रीडिंग: प्लेट २५० व्होल्ट, १५० ओहमच्या कॅथोड रेझिस्टन्सवर ७.५. म्हणजे एकूण ५० मिलिअँपिअर, त्यातला स्क्रीन ग्रिडचा वाटा सोडून प्लेटवर जेमतेम ११ वॅट. मर्यादा १२ ची.

गुणगुण मात्र आहे. रेडिओत फिलामेंटचं एक टोक चासीलाच जोडलेलं असतं. रेडिओला ते चालतं, गिटारच्या गेनला नाही. ते सोडवून दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहम अर्थला द्यायचे आहेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून येणारी जुनी फीडबॅकची (आउटपुटचा थोडा भाग परत आत देणारी) वायरही आताच काढून टाकावी. ईसीसी८३ च्या दोन स्टेजमुळे सिग्नलची फेज उलटी झाली तर तीच शिट्टी मारायला लागते.