गोवर उतरला, तरी आठवडाभर पोराकडं लक्ष ठेवा

आज बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या अंगणवाडीत लसीचा दिवस. तायी कार्डं (आई-बाळाच्या नोंदीची कार्डं) चाळताना दिसलं, गोवराच्या लसीचा नऊ महिन्यांचा डोस बहुतेकांचा झालाय, पण १६ ते २४ महिन्यांतला दुसरा अनेकांचा राहिलाय. भिंतीवर कन्नडमध्ये 'दडार' लिहिलंय, तो आपला गोवरच.

पुरळ दिसतं म्हणून सगळे पुरळाकडं बघतात. पोर दगावतं ते बहुतेक न्यूमोनियानं. पुरळ उठल्यावर तीन-चार दिवसांत ताप उतरायला हवा. नाही उतरला, किंवा उतरून परत चढला, तर दुसरा संसर्ग समजा. पोर शांत असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर ५०, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त भरले, की लगेच दवाखाना. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजतही बसू नका.

जुलाब, कान वाहणं हेही येतंच. डोळ्याचं मात्र फार जीवाला लागतं. बुबुळावर पांढरट डाग म्हणजे नजर जायची भीती. म्हणून डॉक्टर अ जीवनसत्त्व दोन दिवस लागोपाठ देतात: सहा ते अकरा महिन्यांना १ लाख युनिट, त्यापुढं २ लाख. आधीचा नेहमीचा डोस झाला असला तरी. घरी मनानं देऊ नका.

कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवा, हरकत नाही. पण अंगावरचं दूध आणि जेवण तोडू नका! झटके आले, पोर गुंगीत गेलं, तर मेंदूला सूज असू शकते. गाडी काढा.