तिसरी सही

येत्या अक्षय्य तृतीयेला मला या ऑफिसात वर्ष होईल. पुण्यात घरांच्या खरेदी-विक्रीचं काम मी दहा वर्षं करतेय, त्यातली पहिली नऊ दुसरीकडे गेली. या वर्षात माझे व्यवहार आधीपेक्षा कमी झाले. तरी कोथरूडच्या त्या एका व्यवहाराबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं.

आधी धायरीचं सांगते, नाहीतर मी ऑफिस का बदललं ते कळायचं नाही. जुन्या ठिकाणी शिकवण एकच होती: आपलं काम गाठ घालून देण्याचं, कागद ज्याचे त्याने बघावेत. धायरीचा एक टू बीएचके मी तसाच विकून दिला. विकणाऱ्याने ‘वडिलांचा मी एकटाच वारस’ असं प्रतिज्ञापत्र दिलं होतं. बँकेचं कर्जही पास झालं. आठ महिन्यांनी त्याच्या बहिणीच्या वकिलाची नोटीस आली. शेजारच्या दारात एकदा विचारलं असतं, तरी त्यांना मुलगीही आहे हे कळलं असतं. मी विचारलं नव्हतं. घर घेणाऱ्या बाई शिक्षिका होत्या. नोटीस घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, “तुम्ही होतात ना हो त्या दिवशी रजिस्ट्रेशनला?” मला उत्तर देता आलं नाही. ऑफिसने हात वर केले. त्यानंतर तिथे माझं मन लागेना.

इथल्या मॅडमचा नियम असा की कागद हातात आल्याशिवाय घर दाखवायला न्यायचं नाही. सुरुवातीला मला ते फार जड गेलं. मी फाइल लावेपर्यंत घर दुसऱ्या कुणी विकलेलं असायचं. पितृपक्षात कुणी टोकन देत नाही, आमच्या धंद्यात ते पंधरा दिवस सुनेच. मॅडम तेव्हा सगळ्या फाइली टेबलावर काढायला लावतात. कोथरूडची फाइल मी तेव्हाच नीट वाचली.

1991 सालची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पण वनाजपासून मेट्रो सुरू झाल्यावर त्या भागाला मागणी चांगली आहे. घेणारं जोडपं सोलापूरचं, दोघंही हिंजवडीत नोकरीला. 92 लाखांना ठरलं होतं, घटस्थापनेला टोकन. विकणारे काका साठीचे. त्यांनी शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, दिलं होतं: पाच शेअर, प्रत्येकी पन्नास रुपयांचे. घडी पडून मधोमध पारदर्शक चिकटपट्टी लावलेलं. मागच्या बाजूला वडिलांच्या नावाखाली निळ्या शाईत काकांचं नाव आणि सेक्रेटरीची सही. इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या सरकारी नोंदणीचा उतारा, मात्र फक्त वडिलांच्या नावाचा. मृत्युपत्र नव्हतं.

काकांना विचारलं तर म्हणाले, “मी नॉमिनी आहे. सोसायटीनं माझ्या नावावर केलंय, झालं की.”

पुण्यातली निम्मी माणसं असंच समजतात. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांसाठी घर सांभाळणारा असतो. सोसायटी त्याला सभासद करून घेते तेही वारस ठरेपर्यंतच. दुसरा गैरसमज मुलींच्या हिश्श्याबद्दलचा. लोक 2005 सालच्या दुरुस्तीचं नाव घेतात, पण ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेसाठी. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात, मृत्युपत्र नसेल तर, बायको, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा हिस्सा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. आणि इतक्या जुन्या इमारतीतल्या फेरविक्रीला महारेराचं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचं, छत्र नाही. तिथे आपणच डोळे उघडे ठेवायचे.

मी पुन्हा त्या घरी गेले. काकांच्या आई, म्हणजे आजी, एकट्याच होत्या, चहा ठेवला त्यांनी. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कॅलेंडर होतं. दुधाचे खाडे, सिलेंडरची तारीख, आणि गौरींच्या चौकोनात बारीक अक्षरात ‘सांगली, सकाळची गाडी’. मी विचारलं, “आजी, सांगलीला कोण?”

“माझी लेक. दर गौरींना येते.”

घर विकायला काढलंय हे लेकीला माहीत आहे का, हे विचारल्यावर आजी गॅस बारीक करत राहिल्या.

काका भडकले. “तुम्ही एजंट आहात की वकील?” त्यांना लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वडिलांचं दुखणं त्यांनी काढलं, आजींना तेच बघतात, देखभालीचे पैसे तेच भरतात. घर आपलं आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. मॅडमनी फोन घेतला आणि एवढंच म्हणाल्या, “काका, तिघांच्या सह्या झाल्या तरच आम्ही यात आहोत.” सोलापूरच्या जोडप्यालाही त्याच दिवशी बोलावून खरं काय ते सांगितलं. घटस्थापनेला टोकन झालं नाही. व्यवहार गेला असंच मी धरून चालले होते.

सांगलीच्या ताईंचा, म्हणजे आजींच्या लेकीचा, फोन दिवाळीनंतर आला. मी हक्कसोडपत्राबद्दल सांगायला लागले, कारण बहिणी बहुतेक वेळा तेच करतात. हिस्सा मागितला की माहेर तुटेल ही धास्ती असते. त्या मधेच म्हणाल्या, “मला सोड म्हणू नका. मी काही सोडत नाहीये, विकतेय. आणि सही मी वाचून करीन.”

मग दस्त नव्याने लिहिला. विकणारे तीन, पॅन तीन, तीन खात्यांवर तीन वेगळे चेक, एक टक्का टीडीएसही तिघांच्या नावे वेगवेगळा भरायचा. जोडपं थांबलं होतं, हे त्यांचे उपकार.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी ताई पहाटेच्या गाडीने स्वारगेटला उतरल्या आणि थेट हवेलीच्या नोंदणी ऑफिसात आल्या. बाकावर बसून चष्मा लावून अख्खा दस्त वाचला. दीड तास. काका खिडकीशी उभे. मधे एकदा ताईंनी मला विचारलं, “अण्णांचं नाव कुठाय?” मी पान उलटून तो परिच्छेद दाखवला, घर त्यांनी कोणत्या वर्षी, कोणाकडून घेतलं, ते कधी गेले. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि पुढे वाचायला लागल्या.

आजींचा अंगठा मशीन घेईना. भांडी घासून रेषाच गेलेल्या. दोनदा, तीनदा, पाचदा. ऑपरेटर म्हणाला, हात पुसून बघा. ताई उठल्या, आईचा हात आपल्या पदरात धरून चोळत राहिल्या, ऊब येईपर्यंत. मग काका आले, त्यांनी आईचं मनगट धरलं आणि अंगठा काचेवर दाबून ठेवला. हिरवा दिवा लागला.

काका माझ्याशी त्या दिवशीही बोलले नाहीत. ठरलेल्या ब्रोकरेजचा चेक त्यांनी मॅडमच्या हातात दिला. निघताना ताईंनी नवा इंडेक्स टू बघायला मागितला आणि म्हणाल्या, “याची एक झेरॉक्स मिळेल का मला?” मी समोरच्या दुकानातून दोन काढून आणल्या. एक त्यांना दिली, एक आजींना.