तुम्ही विचारलेत म्हणून : शाकाहारी घरात बिअर्डेड ड्रॅगनचे पिल्लू

मेलबर्नमध्ये आमच्या घरी बिअर्डेड ड्रॅगन आहेत हे ओळखीच्या मराठी मंडळींना ठाऊक असल्यामुळे, ज्यांच्या मुलांनी या सरड्याचा हट्ट धरला आहे असे आईवडील सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात आणि त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "आमच्या घरात मांसाहार होत नाही. मोठा ड्रॅगन मुख्यतः पालाच खातो म्हणतात, मग पिल्लाला पहिल्यापासून भाजीवरच वाढवले तर चालणार नाही का?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो प्राणी घरी आणण्यापूर्वी विचारला जातो, याचे मला फार बरे वाटते. उत्तर मात्र 'चालणार नाही' असेच आहे. नुसत्या भाजीवर पिल्लू वाढत नाही, आणि नुसत्या किड्यांवरही धड वाढत नाही, म्हणून ते का, हे जरा विस्ताराने सांगते.

हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील अंतर्भागातल्या कोरड्या, उघड्या प्रदेशातला. अंड्यातून बाहेर येते तेव्हा पिल्लू शेपटीसकट जेमतेम १० सेंटिमीटर लांब आणि दोन-तीन ग्रॅम वजनाचे असते. नीट खाणेपिणे मिळाले तर वर्षभरात तेच ३०० ग्रॅमच्या आसपास पोहोचते. एवढ्या थोड्या काळात एवढे शरीर उभे करायचे तर प्रथिने भरपूर लागतात, आणि ती देणारे अन्न म्हणजे कीटक. रानातही पिल्ले मुख्यतः कीटकच खातात आणि वय वाढेल तसा पाने, फुले यांचा वाटा वाढत जातो. पहिल्या काही महिन्यांत आहाराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग किड्यांचा असावा लागतो. मोठ्याचा आहार लहानाला दिला की लहान सुरुवातीला थोडे हळू वाढते एवढेच वरवर दिसते. खरे नुकसान हाडांत आणि स्नायूंत होत असते आणि ते उशिरा नजरेस येते.

पूर्ण वाढलेल्या ड्रॅगनलाही आठवड्यातून दोन-तीन वेळा किडे द्यावेच लागतात, त्यामुळे 'मोठाच आणू' हा मार्गही पूर्ण शाकाहारी नाही. ज्यांच्या श्रद्धेला घरात जिवंत किडे ठेवणे आणि ते खाऊ घालणे पटत नाही, त्यांच्याविषयी मला आदरच आहे, आणि त्यांना मी स्पष्टपणे सांगते की तुम्ही ससा पाळा, गिनीपिग पाळा, हा प्राणी मात्र आणू नका. आपली तत्त्वे आपण आपल्या ताटापुरती पाळावीत. ज्याचे शरीरच वेगळ्या अन्नासाठी घडले आहे, त्याच्यावर ती लादणे मला योग्य वाटत नाही.

तयारी असेल, तर किड्यांचे पुढीलप्रमाणे करावे. पाळीव प्राण्यांच्या दुकानात लहान रातकिडे आणि 'वुडी' नावाने विकली जाणारी लहान झुरळे डब्यातून मिळतात. झुरळ म्हटल्यावर आपल्या घरात काय होते हे मला माहीत आहे, तेव्हा ज्यांना ते नकोच वाटते त्यांनी रातकिडे, रेशमाच्या अळ्या आणि ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या यांवर भागवावे. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा असता कामा नये. मीलवर्म नावाच्या अळ्या दुकानात सहज मिळतात, पण त्यांचे कवच कठीण आणि अंगात चरबी जास्त, म्हणून अगदी लहान पिल्लाला मी ते देत नाही. बागेतले किडे पकडून देऊ नयेत, कारण त्यांच्यावर फवारणीचे विष असू शकते; काजवा तर कधीच नाही, कारण अमेरिकेतले काही काजवे खाऊन हे सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. साधारण तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढे द्यावे आणि उरलेले किडे आठवणीने बाहेर काढावेत, कारण मोकळे राहिलेले रातकिडे रात्री झोपलेल्या पिल्लालाच चावतात.

देण्यापूर्वी किड्यांनाही जेवू घालावे लागते. दुकानातून आणलेला रातकिडा बहुधा उपाशी असतो, त्यामुळे एक-दोन दिवस त्यांना गाजर, भोपळा आणि पालेभाजी खायला घातली की त्यांच्या पोटातले ते सारे पिल्लाच्या पोटात जाते. मी सकाळी लागतील तेवढे रातकिडे एका डब्यात घेते, ते जरा सुस्तावेत म्हणून काही मिनिटे फ्रीजमध्ये ठेवते, मग चिमूटभर कॅल्शियमची पूड टाकून डबा हलक्या हाताने फिरवते. काळपट किडे पांढुरके दिसू लागले की समजावे, झाले. पिल्लू राहते त्या पेटीत डबा रिता केला की पिल्लू आधी मान तिरकी करून एका डोळ्याने हालचाल टिपते, दोन पावले पुढे येते, थांबते आणि पुढच्या क्षणी जीभ बाहेर येऊन किडा आत गेलेला असतो. कुरकुर आवाज तेवढा ऐकू येतो. पूड अंगावरून झडून जाण्याआधी तो खाल्ला जायला हवा, म्हणून एका वेळी थोडेच सोडावेत.

या पुडीला एवढे महत्त्व का, हे नीट समजून घ्यायला हवे. आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट असावे लागते, पण रातकिड्यात नेमके उलटे असते. फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट. रक्तातले कॅल्शियम घटले की शरीर ते हाडांतून काढून घेते. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांत कॅल्शियम मुळातच चांगले असते, बाकी बहुतेक किड्यांना पूड लावल्याशिवाय गत्यंतर नाही. वाढत्या पिल्लाला साधी कॅल्शियमची पूड रोज, आणि जीवनसत्त्वांची व डी-३ ची (म्हणजे डी जीवनसत्त्वाची) पूड आठवड्यातून एक-दोनदा, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावी. डी-३ तोंडावाटे अति झाले तर अपाय करते, म्हणून 'जास्त दिले तर बरेच' असा विचार करू नये.

आता प्रकाशाविषयी सांगते. लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात ते याच बाबीकडे. कॅल्शियम पोटात गेले म्हणजे ते अंगी लागले असे होत नाही. आतड्याने ते शोषून घेण्यासाठी डी जीवनसत्त्व लागते आणि हा सरडा ते आपल्या कातडीत, उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांच्या मदतीने तयार करतो. पिल्लांवरच झालेल्या एका अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, यूव्हीबी मिळालेल्या पिल्लांच्या रक्तातील डी जीवनसत्त्वाची पातळी ते केवळ तोंडावाटे मिळालेल्या पिल्लांपेक्षा कितीतरी जास्त आढळली. म्हणजे पूड ही दिव्याची जागा घेऊ शकत नाही. खिडकीतले ऊनही घेऊ शकत नाही, कारण हे किरण काचेतून आरपार येत नाहीत. पेटी उजेडाने भरून जाते, आपल्याला समाधान वाटते आणि कातडीपर्यंत काहीच पोहोचत नाही. लांब नळीचा यूव्हीबी दिवा घ्यावा, तो काचेमागे वा प्लॅस्टिकमागे बसवू नये, उत्पादकाने सांगितलेले अंतर पाळावे आणि तो लागत असला तरी सहा महिने ते वर्षाच्या आत बदलावा, कारण दिसणारा उजेड कायम राहतो तरी किरण कमी होत जातात.

एका परिचित कुटुंबाने आपले पिल्लू माझ्याकडे दाखवायला आणले होते. त्याला प्रेमाने पालक आणि काकडी खाऊ घातली जात होती, रोज दुपारी खिडकीपाशी ठेवले जात होते. तळहातावर घेतले तेव्हा त्याच्या मागच्या पायांची बोटे एकसारखी फडफडत होती, पोट जमिनीवरून उचलून चालणे त्याला जमत नव्हते आणि खालचा जबडा बोटाला किंचित लवचीक लागत होता. ही हाडे ठिसूळ आणि मऊ होण्याच्या आजाराची लक्षणे. आम्ही त्याच दिवशी पशुवैद्यांकडे गेलो आणि उपचारांनी ते वाचले, परंतु वाकलेला पाय सरळ झाला नाही. त्या घरातील मुलीने विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो: "पण ते रोज खात होतं ना?" खात होते. पण ज्याची गरज होती ते त्या खाण्यात नव्हते.

प्रकाशाइतकीच ऊबही अन्नाशी जोडलेली आहे, कारण हा प्राणी पचनाची उष्णता बाहेरून घेतो. पेटीच्या एका टोकाला अंग शेकण्याची जागा असावी आणि तेथील पृष्ठभागाचे तापमान पिल्लासाठी ४० अंश सेल्सियसच्या आसपास असावे. दुसरे टोक २५ अंशांच्या जवळपास थंड असावे, म्हणजे त्याला स्वतःच हवी ती जागा निवडता येते. मेलबर्नच्या हिवाळ्यात खोलीचे तापमान रात्री १८ अंशांखाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावावा. तापणारे कृत्रिम दगड पोट भाजतात, ते घेऊ नयेत. सकाळी दिवे लागल्यावर तासभर पिल्लाला शेकू द्यावे आणि मगच खायला घालावे. दिवे मालवण्यापूर्वीच्या दोन तासांत काही देऊ नये, नाहीतर अन्न थंड पोटात तसेच पडून राहते.

भाजीचे ताट रोज सकाळी, किडे देण्याआधी ठेवावे. पिल्लू त्याकडे ढुंकून बघत नाही अशी तक्रार प्रत्येक जण करतो. हलणारी वस्तू पकडण्याची त्याची ओढ जात्याच असते आणि पान हलत नाही. म्हणून पाला अगदी बारीक चिरून त्यात दोन-चार अळ्या सोडाव्यात, अळी टिपताना पान तोंडात जाते आणि चव कळते. आपल्या मंडईतल्या सवयीप्रमाणे हात आधी पालकाकडे जातो, परंतु पालक, चुका, राजगिरा आणि बीटची पाने यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे ती टाळावीत. एन्डाइव्ह ही सॅलडची पालेभाजी, मोहरीचा पाला, फवारणी न केलेल्या अंगणातील डँडेलियनची पाने, किसलेला लाल भोपळा, जास्वंदीची पाने आणि फुले उत्तम; जास्वंदीचे लाल फूल तर बहुतेक पिल्ले पहिल्यांदा खातात ते रंगाला भुलून. अ‍ॅव्होकाडो विषारी आहे. आंबा मोसमात नखाएवढा चालेल, पण गोड, चिकट फळ वारंवार देऊ नये, कारण या सरड्यांच्या बाजूचे दात जबड्याच्या कडेलाच जोडलेले असतात, पडले तर पुन्हा येत नाहीत आणि हिरड्या लवकर बिघडतात. दूध, पोळी, भात हे त्याचे अन्न नव्हे, हे घरातील आजी-आजोबांना आधीच प्रेमाने सांगून ठेवावे.

पाण्याच्या वाटीकडे पिल्लू सहसा जात नाही. नाकाच्या शेंड्यावर थेंब सोडले तर चाटते. तळाला वाळू घालू नये, लहानपणी ती पोटात जाऊन अडकू शकते. साधा कागद पुरतो आणि विष्ठाही नीट दिसते. दोन पिल्ले सोबतीसाठी एकत्र ठेवू नयेत, ती एकमेकांची बोटे आणि शेपट्या तोडतात.

उचलताना हात वरून आणू नये. त्याच्या डोक्यावर मधोमध प्रकाश-सावली ओळखणारा एक लहानसा अवयव असतो आणि वरून पडलेली सावली म्हणजे त्याच्या लेखी शिकारी पक्षी. हात बाजूने, खालून न्यावा. हाताळल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे समजावे, कारण निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर अधिक जपावे, आणि सरड्याची भांडी धुणे वा त्याला आंघोळ घालणे स्वयंपाकघरातील सिंकमध्ये कधीही करू नये.

चार महिन्यांनंतर किडे दिवसातून एक-दोनदा पुरतात. वर्ष-दीड वर्षाचा झाला की रोज पाला आणि आठवड्यातून दोन-तीनदाच किडे. हा बदल वेळेवर करावा, कारण मोठ्या ड्रॅगनला पिल्लासारखे किडे देत राहिले तर यकृतात चरबी साठते. दर आठवड्याला त्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. वाढत्या पिल्लाचे वजन थांबले वा घटले तर वाट न पाहता विष्ठेची तपासणी करून घ्यावी.

विचारणाऱ्यांपैकी अनेक जण काही वर्षांच्या व्हिसावर आलेले असतात, म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. हा प्राणी दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तेथे, तो पाळायला वन्यजीव परवाना लागतो, रानातून पकडता येत नाही, आणि पुण्याला वा नाशिकला परतताना पाळीव म्हणून सोबत नेण्याची मुभा ऑस्ट्रेलिया देत नाही. परत जाण्याची शक्यता असेल तर तुमच्यानंतर त्याला कोण सांभाळेल हे पिल्लू आणण्यापूर्वीच ठरवावे, आणि त्या व्यक्तीलाही परवाना काढावा लागेल हे तिला तेव्हाच सांगावे.