स्टॅटिन घेणाऱ्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी होते का?

आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत एफएच, असलेल्या मुलाला आठ-दहा वर्षांच्या वयात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू करायची म्हटलं की आईवडील आधी लिव्हरबद्दल विचारतात आणि लगेच प्रतिकारशक्तीबद्दल. लिव्हरवर भरपूर लिहिलं गेलंय. दुसऱ्या प्रश्नाची मात्र "काही होत नाही" एवढ्यावरच बोळवण होते. हे उत्तर चुकीचं नाही, पण तेवढ्याने घरच्यांची भीती जात नाही. ताप आला की गोळी गुपचूप बंद होते, लस पुढे ढकलली जाते. म्हणून जरा खोलात जाऊ.

एफएच साधारण २५० माणसांत एकाला असतो. बहुतेकांत एलडीएल, म्हणजे "वाईट" कोलेस्टेरॉल, पकडणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकात दोष असतो. त्यामुळे लिव्हर रक्तातलं एलडीएल पुरेसं ओढून घेत नाही आणि ते जन्मापासूनच चढलेलं राहतं. हे जादा एलडीएल धमनीच्या भिंतीत शिरून अडकतं, तिथे त्याचं रूप बदलतं आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी ते गिळत सुटतात. पेशीत कोलेस्टेरॉलचे स्फटिक तयार झाले की दाहाची यंत्रणा चालू होते आणि इंटरल्युकिन-१ बीटासारखे संदेश बाहेर पडतात. म्हणजे जंतू नसताना प्रतिकारयंत्रणा कामाला जुंपलेली असते. एफएच असलेल्या मुलांच्या रक्तात दाह वाढवणाऱ्या आणि दाह शमवणाऱ्या संदेशांचा तोल बिघडलेला आढळला आहे. गोळीचा परिणाम तपासताना हे आधी लक्षात घ्यायला हवं, कारण गोळी न घेणाऱ्या एफएच मुलाची प्रतिकारयंत्रणाही "नॉर्मल" नसते.

आता गोळीकडे. स्टॅटिन लिव्हरमधलं एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम अडवतं. त्यामुळे मेव्हॅलोनेट कमी बनतं, पुढे कोलेस्टेरॉल कमी बनतं आणि ती तूट भरायला लिव्हर जास्त रिसेप्टर बाहेर काढून रक्तातलं एलडीएल खेचतं. पण मेव्हॅलोनेटपासून फक्त कोलेस्टेरॉल बनत नाही. रास, ऱ्हो यांसारख्या प्रथिनांना पेशीच्या पडद्याशी बांधून ठेवणारे छोटे रेणूही त्यातूनच येतात, आणि जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशींची वाढ, हालचाल, एकमेकींशी होणारं बोलणं या प्रथिनांवर चालतं. म्हणून प्रयोगशाळेत पेशींवर स्टॅटिन टाकलं की टी-पेशी मंदावतात. "स्टॅटिनने प्रतिकारशक्ती दबते" अशा मथळ्यांचा उगम बहुधा अशा प्रयोगांत असतो.

त्या मथळ्यांत औषधाची मात्रा सांगितलेली नसते. काचपात्रातल्या प्रयोगांत बहुतेकदा मायक्रोमोलर पातळी वापरतात. गोळी घेतल्यावर रक्तात असते ती नॅनोमोलर, म्हणजे शेकडो पटींनी कमी. शिवाय बहुतेक औषध लिव्हरच उचलून घेतं. माणसांवरच्या चाचण्यांतून वेगळं चित्र दिसतं. यादृच्छिक चाचण्यांच्या २०११मधल्या एकत्रित विश्लेषणात स्टॅटिनने जंतुसंसर्ग वाढलेही नाहीत आणि कमीही झाले नाहीत. २०१४मध्ये गंभीर फुफ्फुसविकाराच्या रुग्णांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत दाह शमवण्यासाठी स्टॅटिन देऊनही मृत्यू घटले नाहीत. नेहमीच्या मात्रेत प्रतिकारयंत्रणेवरचा हा परिणाम दुबळाच आहे. सीआरपी ही रक्तातली दाहाची खूण थोडी उतरते, पण त्याला प्रतिकारशक्ती खालावणं म्हणता येत नाही.

उलट मला जास्त लक्षात घेण्याजोगी वाटते ती दुसरी गोष्ट. एफएच असलेल्या रुग्णांच्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त एलडीएलमुळे चिडक्या बनलेल्या असतात, आणि २०१९च्या एका अभ्यासात काही महिने स्टॅटिन देऊन एलडीएल उतरल्यावरही हा चिडकेपणा ओसरला नाही. त्यावरून ही सवय लागण्याआधीच एलडीएल खाली आणणं शहाणपणाचं असं मला वाटतं. ते सिद्ध झालेलं नाही, पण लवकर सुरुवात करण्याच्या बाजूने ठोस पुरावाही आहे. नेदरलँड्समध्ये लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्या २१४ मुलांचा २० वर्षांनी पाठपुरावा झाला. वयाच्या ३९पर्यंत त्यांच्यापैकी १ टक्क्याला हृदयविकार झाला होता. एफएच असलेल्या त्यांच्या आईवडिलांत त्याच वयापर्यंत २६ टक्क्यांना.

लसींचं उत्तर सरळ आहे. वेळापत्रकाप्रमाणे सगळ्या द्या, गोवर किंवा कांजिण्यांच्या जिवंत लसीसुद्धा. स्टॅटिन स्टेरॉइडसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध नाही, त्यामुळे लसीसाठी ते थांबवावं लागत नाही. फ्लूच्या लसीनंतर अँटीबॉडी कमी दिसल्याची निरीक्षणं वयस्कर लोकांतली आहेत. त्यावरून मुलांची लस टाळू नये.

साध्या सर्दी-तापात गोळी चालू ठेवावी. सतत उलट्या, शरीरातलं पाणी कमी होणं, दवाखान्यात भरती करावं लागेल असा संसर्ग किंवा मोठी शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांशी बोलून काही दिवस थांबवता येते. धमनीतला थर वर्षानुवर्षं साचतो, आठवडाभराच्या खंडाने नुकसान होत नाही. फक्त ती पुन्हा कधी सुरू करायची, ती तारीख तेव्हाच लिहून घ्या.

खरी अडचण तापातल्या इतर औषधांची असते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, तसंच इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध, सिमव्हास्टॅटिन मोडणारं एन्झाइम अडवतात. त्याची रक्तातली पातळी खूप चढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते, म्हणून ही जोडी एकत्र नको. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनलाही हाच धोका कमी प्रमाणात आहे. रोसुव्हास्टॅटिन आणि प्रव्हास्टॅटिन त्या एन्झाइमवर फारसे अवलंबून नाहीत, आणि अझिथ्रोमायसिन ते एन्झाइम फारसं अडवत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या मुलाला मात्र रोसुव्हास्टॅटिन चालत नाही. नवीन डॉक्टरांकडे गेलात तर स्टॅटिनचं नाव आणि मिलिग्रॅम स्वतःहून सांगा.

गोंधळ उडवणारा प्रसंग पोटऱ्यांचा. फ्लू ओसरत आला की काही मुलांच्या दोन्ही पोटऱ्या दुखू लागतात, मूल चालायला नकार देतं आणि सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, चढलेलं येतं. हा विषाणूमुळे होणारा स्नायुदाह असतो. तो स्टॅटिन न घेणाऱ्या मुलांतही होतो आणि साधारण आठवड्याभरात बरा होतो. तेवढ्यापुरती गोळी थांबवून सीके पुन्हा तपासतात. दुखणं पूर्ण गेल्यावर ती परत सुरू करता येते. "याला स्टॅटिन सोसत नाही" असा शिक्का घाईने मारू नये. लघवी चहाच्या रंगाची झाली किंवा सीके नॉर्मलच्या दहा पटींवर गेलं तर लगेच दवाखाना गाठा. गोळी थांबवूनही अशक्तपणा वाढतच राहिला तर अँटी-एचएमजीसीआर अँटीबॉडी तपासून घ्यायला हवी. ती सापडली तर तो प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्नायूंवर उलटण्याचा आजार असतो, अतिशय दुर्मीळ, आणि त्यात स्टॅटिन पुन्हा देत नाहीत.

तपासणीची वेळही सांभाळा. संसर्गात एलडीएल आपोआप खाली येतं. तापातून नुकत्याच उठलेल्या मुलाचं रक्त दिलं तर निदान हुकू शकतं, किंवा गोळी प्रत्यक्षाहून जास्त काम करतेय असं वाटू शकतं. तीन-चार आठवडे थांबून रक्त द्या. एसजीपीटी हे लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइम विषाणूनेही वाढतं. नॉर्मलच्या तिप्पटीच्या वर गेलं तर आजार सरल्यावर पुन्हा पाहिल्याशिवाय औषध कायमचं बंद करू नये. आणि सीकेसाठी रक्त द्यायच्या आधीचे दोन दिवस स्पर्धा, जोरदार धावणं किंवा फुटबॉल नको.