वारज्यातला भाड्याचा फ्लॅट आणि सोसायटीची एनओसी : माझा अनुभव

फ्लॅट घेऊन भाड्याने दिला म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, लोन किती झालं आणि भाडं किती येतं. सोसायटीची एनओसी, म्हणजे फ्लॅट विकायला हरकत नाही असं पत्र, कशी मिळवली हे कोणी विचारत नाही आणि माझं डोकं सगळ्यात जास्त तिथेच फिरलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी आकडे सांगून टाकतो. पुण्यात वारज्याला जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके, रिसेल, ४२ लाख. ३० लाखांच्या वरचं लोन बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाहीत. म्हणजे ८ लाख ४० हजार आपले, त्यावर ७ टक्के स्टॅम्प ड्युटी २ लाख ९४ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, एजंटचा एक टक्का. १२ लाख हातात नसतील तर बघायलाही जाऊ नका. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर ड्युटी एक टक्का कमी लागते, आमचं दोघांच्या नावावर असल्यामुळे ती सूट नाही मिळाली. फ्लॅट बघणं, व्यवहार ठरणं, बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन हे सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

विकणारे काका रिटायर्ड, मुलाकडे नाशिकला कायमचे जाणार होते. माणूस एकदम सरळ, कागद सगळे फायलीत लावलेले, बिल्डरचा मूळ करार, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), लाइट बिलं. विसार पावती (आगाऊ रक्कम देऊन व्यवहार पक्का केल्याचा कागद) केली, लोन सँक्शन झालं, आणि बँकेने चेकलिस्ट दिली त्यात शेवटून दुसरी ओळ : सोसायटीची एनओसी, बँकेच्या फॉरमॅटमध्ये, चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार तिघांच्या सह्या आणि शिक्का.

आता गंमत बघा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, स्पष्ट लिहिलंय की शेअर ट्रान्सफरसाठी सोसायटीची एनओसी लागत नाही. हे मी बँकेत त्या मॅडमना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, बरोबर आहे तुमचं, पण डिसबर्समेंटला, म्हणजे लोनचे पैसे सोडायला, लागतेच." म्हणजे कायद्यात नाही पण चेकलिस्टमध्ये आहे, आणि पैसे चेकलिस्टवर सुटतात. हे सेक्रेटरीला आपल्यापेक्षा आधी माहीत असतं.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, रविवारी संध्याकाळी तासभर उघडते. एक टेबल, मागे मोडका पाण्याचा पंप आणि गणपतीच्या मांडवाचं सामान. सेक्रेटरींनी काकांचा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं,

"तुम्ही स्वतः राहणार का?"

"नाही, भाड्याने देणार."

"म्हणजे इन्व्हेस्टर. मग बिल्डिंग फंडाला एक लाख द्यावे लागतील, सगळ्यांनी दिलेत."

मी म्हटलं पावती मिळेल का. तर म्हणे, "पावती कशाला, स्वेच्छा देणगी आहे."

स्वेच्छा देणगी आणि द्यावीच लागेल! काका इतके भिडस्त की बाहेर आल्यावर मलाच म्हणायला लागले, "जाऊ दे हो, वाकड्यात कशाला शिरायचं, अर्धे मी देतो." मी म्हटलं काका थांबा. सरकारचं ९ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक आहे, महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५,००० रुपये, त्याच्या वर देणगी म्हणून, डेव्हलपमेंट फंड म्हणून, कुठल्याही नावाने घेता येत नाही. ट्रान्सफर फी ५०० आणि प्रवेश फी १०० वेगळी, बस.

पुढच्या रविवारी परिपत्रकाची प्रिंट घेऊन गेलो. वाचलीच नाही त्यांनी. "आमच्या जनरल बॉडीचा ठराव आहे." ठराव दाखवा म्हटलं तर मिनिट बुक चेअरमनकडे. चेअरमन कुठे, तर मुलीकडे अमेरिकेला. मग सही? ते आल्यावर. आणि गोल शिक्का? तोही त्यांच्याच कपाटात! म्हणजे बिल्डिंगचा शिक्का कुलपात ठेवून माणूस परदेशात आणि इकडे माझ्या सँक्शन लेटरची मुदत संपत चाललेली. एजंटला फोन केला तर तो म्हणतो, "सर पन्नासमध्ये सेटल करून देतो." त्या रात्री मी खरंच देऊन टाकायच्या विचारात होतो, बायको म्हणाली एकदा लिहून तर बघ.

मग मी काकांच्या नावाने पत्र तयार केलं कारण सभासद ते, अर्ज त्यांचाच लागतो. भांडणाची भाषा अजिबात नाही. अमुक तारखेला अर्ज दिला, अमुक रक्कम मागितली गेली, परिपत्रकाप्रमाणे प्रीमियम २५,००० चेकने भरायला तयार आहोत, एनओसी देणार नसाल तर कारण लेखी द्यावं. आणि खाली डावीकडे एक ओळ : प्रत माहितीसाठी, उपनिबंधक, सहकारी संस्था. सोसायट्यांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी तो. हातोहात पोच द्यायला नकार दिला म्हणून स्पीड पोस्टने पाठवलं आणि डिलिव्हरीचा रिपोर्ट प्रिंट करून ठेवला.

उपनिबंधकांच्या ऑफिसात जायची वेळच आली नाही. आठवड्याच्या आत काकांना फोन, "अहो तुम्ही आपले जुने सभासद, पत्रबित्र कशाला." जो शिक्का चेअरमनच्या कपाटात होता तो खजिनदारांच्या ड्रॉवरमध्ये निघाला, आणि चेअरमन परत येईपर्यंत व्हाइस चेअरमनची सही चालते असंही अचानक आठवलं. बँकेत विचारलं तर चालली. इंकपॅड सुकलेला, सेक्रेटरींनी त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून शिक्का दाबला तो इतका पुसट उमटला की बँकेने मोठा करून पाहिला, पण घेतला. २५,००० चा चेक दिला, पावती घेतली. बाहेर येऊन मी आणि काकांनी कोपऱ्यावर वडापाव खाल्ला, पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

तर विसार पावती करतानाच लिहून घ्या की एनओसी आणायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि ती मिळेपर्यंत मुदत आपोआप वाढेल. आमच्या पावतीत हे मुदतीचं वाक्य होतं म्हणून मी टिकलो. आणि हो, बँकेचा एनओसी फॉरमॅट पहिल्याच दिवशी मागा, सँक्शननंतर नाही.

इएमआयचं सांगायचं राहिलं. भाड्यातून हप्ता निघतो असं सांगणाऱ्यांना हात जोडा. ३३ लाख ६० हजार, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता २९ हजारांच्या वर. भाडं १५ हजार. उरलेले दर महिन्याला पगारातून. आणि टॅक्समध्ये तोटा (भाड्यापेक्षा लोनचं व्याज जास्त झालं तर तो) पगारातून वजा होईल म्हणून खूश होऊ नका, नवीन टॅक्स रेजीममध्ये तो होत नाही, जुन्यातही वर्षाला २ लाखांपर्यंतच.

भाडेकरू पटकन मिळाल्या, हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या दोघी मुली. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, ११ महिन्यांचं, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन गेला. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का म्हणजे चारपाचशे रुपये, रजिस्ट्रेशन हजार. हे रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची असते, भाडेकरूवर ढकलू नका. पोलिसांना ऑनलाइन माहिती दिली. सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त आधी कळवून करार आणि पोलिसांना दिलेली माहिती, दोन्हीच्या प्रती द्यायच्या. तरी आमचे सेक्रेटरी म्हणालेच, बॅचलर चालणार नाहीत. ठराव लेखी द्या म्हटलं, अजून आलेला नाही.

महापालिकेची घरपट्टीही बघून घ्या. काकांना स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत होती, भाड्याने दिल्यावर ती आपल्याला नाही, त्यामुळे जुनं बिल बघून हिशोब केला तर फसाल.

सध्याचा वाद नॉन ऑक्युपन्सीचा, म्हणजे मालक स्वतः न राहता भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते त्या चार्जेसचा. नियमाने सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. माझे सर्व्हिस चार्जेस १,४०० होतात, म्हणजे १४० रुपये. बिलात येतात ८००. मी दर महिन्याला १४० धरूनच चेक देतो आणि मागे कशाचे किती ते लिहितो. बाकीचे ते थकबाकीत दाखवतायत. दाखवू देत.