आमची वाटचाल : सागवान, पूर आणि उपकारस्तुती

शाहूपुरीच्या सखल भागात आमचं पॅटर्न मेकिंगचं वर्कशॉप आहे. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत ठसा उठवावा लागतो. तो ज्याच्यावरून उठतो, तो लाकडी पॅटर्न आम्ही बनवतो. उसाला पाणी द्यायला ऑइल इंजिनं आली, ती दुरुस्त करता करता कोल्हापूरकर स्वतःच इंजिनं बनवू लागले, उद्यमनगरची कारखान्यांची वसाहत वाढली, फौंड्र्या वाढल्या. आमचा धंदा त्यांच्या मागोमाग आला. सासरे मुळात सुतार. मिस्टरांनी काम वाढवलं. 2014 पासून मी बघते.

आमचं घराणं इथल्या जुन्या ख्रिस्ती मंडळीतलं. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. वाइल्डर मेमोरियल चर्चच्या नावात ते अजून आहेत. सासऱ्यांचा नेम होता, कितीही घाईची ऑर्डर असो, रविवारी शटर उघडायचं नाही. सकाळी उपासना, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, पेटी-तबला, आणि दुपारी घरी मटण. आनंदी माणूस होता. मला वाटायचं, सगळं नीट चाललंय म्हणून आनंदी आहेत. धाकटा मुलगा त्यांनी लहानपणीच गमावला होता, हे मला लग्नानंतर फार उशिरा कळलं.

मिस्टरांच्या किडन्या गेल्या तेव्हा मिरजेच्या वाऱ्या सुरू झाल्या. डायलिसिसचे दिवस आणि कामगारांच्या पगाराचे दिवस एकाच वहीत लिहिलेले असायचे. ते गेल्यावर भेटायला येणारे प्रेमाने वचन ऐकवायचे, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा.’ मला ते सहन व्हायचं नाही. ‘सर्वदा’ हा शब्द तर कानाला टोचायचा.

मग एका बायबल वर्गात पाळकांनी प्रेषितांच्या कृत्यांचा 16 वा अध्याय घेतला. फिलिप्पै गावात पौल आणि सीला या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. त्याच रात्री तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्यांच्या जखमा धुतल्या. आणि ‘आनंद करा’ हे वचन ज्यात आहे ते पत्र पौलाने पुढे त्याच गावच्या मंडळीला लिहिलं, तेही पुन्हा बेड्यांत असताना. म्हणजे वाचणाऱ्यांना लिहिणाऱ्याच्या पाठीवरचे वळ ठाऊक होते. त्या दिवसापासून हे वचन मला सहन होऊ लागलं. शिवाय बायबलातलं स्तोत्र 13 हाताशी होतं. सहाच वचनं आहेत. ‘कोठवर?’ असं दावीद देवाला परत परत विचारतो आणि शेवटी गातो. विचारण्याची मुभा आहे हे कळल्यावर मीही मनसोक्त विचारलं.

काम मला थोरल्या मिस्त्रींनी शिकवलं. ‘वहिनी, ड्रॉइंगवरचं माप म्हणजे पॅटर्नचं माप नव्हं,’ हा पहिला धडा. बिडाचं ओतकाम थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आकसतं, तेवढं आधीच जास्त धरायचं. मशिनिंगसाठी वेगळं सोडायचं. वाळूतून पॅटर्न अलगद निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. आकसण्याचा हिशेब आधीच धरलेली पट्टी असते. तीच घेऊन मी महिनोन् महिने त्यांच्या शेजारी बसले.

2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर गेलं. हायवे बंद, शिरोलीच्या एमआयडीसीकडे जायची सोय नाही. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर गिऱ्हाइकांचे पॅटर्न चिखलात. पूर्वी सरसाने चिकटवलेले सगळे सांध्यातून उकलले होते, कारण सरस पाण्यात विरघळतो. पंपाच्या केसिंगचा एक पॅटर्न होता, सासऱ्यांच्या हातचा. त्याचे थर सुटून पाकळ्यांसारखे उघडले होते. नव्या वॉटरप्रूफ गोंदाचे टिकले, पण फुगले. कोणीतरी म्हणालं, उन्हात टाका. मिस्त्री ओरडले. उन्हात सागवानसुद्धा तडकतं. सावलीत, खाली पट्ट्या ठेवून, हवा खेळेल असे रचले आणि वाट बघितली. कंटाळवाणं काम. पण दुपारी मंडळीतल्या बायका भाकरी-पिठलं घेऊन यायच्या, मिस्त्रींच्या गल्लीतली पोरं चिखल काढायला यायची, आणि सगळे एकत्र जेवताना आम्ही खळखळून हसायचो. बँकेचा हप्ता थकलेला असताना! तो आनंद खोटा नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. सुकल्यावर एकेक पॅटर्न पट्टीला लावून तपासला, जमले ते दुरुस्त केले, उरलेले नव्याने बनवून दिले. एका मोठ्या गिऱ्हाइकाने त्याचे पैसे आजवर दिलेले नाहीत. त्याचं दुःख झालं, पण सगळ्यांचे पगार झाले.

लॉकडाऊनमध्ये 12 एप्रिल 2020 चा ईस्टर घरातच झाला, मोबाईलवर. ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हणताना लेकीचा आवाज फुटला. बाकी त्या वर्षाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. या खेपेला पॅटर्न आधीच माळ्यावर चढवले होते, पण मोटारी, बँडसॉ आणि विजेचं सगळं फिटिंग गेलं. पंचनाम्याला माणसं आली, मी यादी सांगत होते आणि डोक्यात बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक चाललं होतं. त्याच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी असाच पंचनामा आहे: अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. आणि लगेच पुढे, तरी मी परमेश्वरामध्ये आनंद करीन. यातला ‘तरी’ मी घट्ट धरून ठेवला आहे. त्या वर्षीही उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायच्या उपासनेची वर्गणी आम्ही दिली, थोडी कमी.

आता लेक कॉम्प्युटरवर कॅडमध्ये ड्रॉइंग करते, ॲल्युमिनियमचे पॅटर्न व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर होतात. लाकडाचं काम कमी झालं तरी थांबलेलं नाही. थोड्याच नगांचं मोठं ओतकाम असेल तर फौंड्रीवाले लाकडाचाच पॅटर्न मागतात. सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी मी पाच मिनिटं प्रार्थना करते. कोणावर सक्ती नाही. मिस्त्री मुसलमान आहेत, ते टोपी घालून शेजारी उभे राहतात आणि आजारी असलेल्यांची नावं आठवून सांगतात. जुने पूरग्रस्त पॅटर्न कोणाकडे पडून असतील तर जरूर घेऊन या. सांधे उकललेले असले तरी चालतील, तुकडे मात्र सगळे आणा. रविवारी बंद असतं.