दाराची फट

जुनी गाडी घेण्याआधी ती तपासून देणं हे माझं काम. त्या दिवशी एका निवृत्त शिक्षिकेबरोबर एमजीबी रोडस्टर, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बघायला गेलो होतो. उघड्या टपाची गाडी बाईंना कॉलेजात असल्यापासून हवी होती.

गाडी लाल. रंगात तोंड दिसावं अशी चकाकी, क्रोम लखलखीत, सीटा नव्या कोऱ्या, इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू. ‘पूर्ण रिस्टोअर केलीय,’ विकणारे गृहस्थ म्हणाले. बाई गाडीभोवती दोनदा फिरल्या, मग आत बसून स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प राहिल्या. मनाने त्यांनी गाडी घेऊन टाकली होती. अशा वेळी माझं काम जड होतं.

चुंबकाला फडकं गुंडाळून मी दाराखालच्या सिलवरून फिरवलं. पुढे ते चिकटून चाललं, मागच्या चाकापाशी येताच सुटून खाली पडलं. तिथे पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी होती.

एमजीबी 1962 ते 1980 या काळात बनली आणि तिला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. बंद गाडीत छप्पर त्यातला वाटा उचलतं. उघड्या गाडीत तो भार तळावर येतो, त्यातही दारांखालच्या दोन सिलवर. सिल म्हणजे बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मध्ये उभा पडदा. मधला पडदा गंजून गेला तरी बाहेरून काही कळत नाही.

मालकांना विचारून मी सिलखाली जॅक लावला आणि एक बाजू हळूहळू उचलली. दाराभोवतीची एकसारखी फट डोळ्यांदेखत बदलली. खाली नखही शिरेना, वर आख्खं बोट जाऊ लागलं.

“बाई, आता ते दार लावून बघता?”

त्यांनी लावलं. खटका जागेवर बसेना. पुन्हा लावलं, जरा जोरात. दार परत आलं.

“दुरुस्त नाही का होणार?”

“होईल. पण सिल कापायचे म्हणजे रंग, दारं, आतलं सामान सगळं पुन्हा उतरवायचं. ज्या कामाचे पैसे आज द्याल, तेच काम उद्या परत विकत घ्याल.”

बाईंनी बॉनेटवर एकदा हात ठेवला आणि निघाल्या. वाटेत त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.

दुसरी गाडी संध्याकाळी बघितली. 1969 ची, गडद हिरवी. रंग जागोजागी मंद, ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवलेली. पण मालकांनी कामाचे फोटो जपून ठेवले होते. त्यातल्या एका फोटोवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो : जुना सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी वेल्ड केलेली. ही पट्टी न लावता सिल कापला तर उघडी बॉडी मध्येच वाकते आणि नवा सिल त्या वाकड्या मापातच बसतो. पट्टी लावणाऱ्या माणसाला काम कळत होतं. जॅक लावला तेव्हा फट जशीच्या तशी राहिली. दार लागलं, एकच ‘खट्’.

टप मागे दुमडला आणि बाई गाडी चालवायला बसल्या. 1798 सीसीचं इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, आकडे भारी नाहीत. पण चौथ्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे त्याच वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा, स्विच दाबला की इंजिनाचा आवाज खाली उतरतो आणि वाऱ्याचा वर येतो. कापलेल्या गवताचा वास आला. झाडांखालून जाताना हवा गार लागायची, पुन्हा उन्हात आलो की ऊबदार. बंद काचेआड हे काही कळत नाही.

“आणखी एक फेरी मारू या?” बाईंनी विचारलं. माझी तपासणी केव्हाच संपली होती. मी हो म्हणालो.

परत आल्यावर त्यांनी दार दोनदा लावलं. एकदा उतरताना, आणि एकदा नुसतंच.